मुलांच्या मूत्रपिंडांसाठी यंत्रांआधी माणसे हवीत

डायलिसिस हा शब्द आता खेडोपाडी पोहोचला आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. त्यानंतर अनेक जिल्हा रुग्णालयांत यंत्रे बसली आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला ही सेवा मोफत मिळू लागली. ही चांगलीच गोष्ट झाली. पण तिच्याबरोबर एक गैरसमजही रुजला. मूत्रपिंडाचा विभाग म्हणजे डायलिसिसची यंत्रे, आणि जितकी यंत्रे जास्त तितका विभाग मोठा, असे लोक धरून चालतात. मोठ्या माणसांच्या बाबतीत हे अर्धे खरे असेल. मुलांच्या बाबतीत ते तितकेही खरे नाही.

एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मुलांच्या मूत्रपिंडविकार विभागाची प्रमुख म्हणून मी बरीच वर्षे काम पाहते आहे. या कामात जे दिसले त्यावरून माझे मत बनले आहे. मुलांची मूत्रपिंडे वाचवायची असतील तर पैसा आधी यंत्रांवर नव्हे, तर एका जागी टिकून राहणाऱ्या प्रशिक्षित माणसांवर खर्च झाला पाहिजे. हे मत सर्वांना पटेल असे नाही, म्हणून त्यामागची कारणे जरा विस्ताराने सांगते.

मुलांचे दुखणे वेगळे

मोठ्या माणसाचे मूत्रपिंड निकामी होते ते बहुधा मधुमेहाने किंवा वाढलेल्या रक्तदाबाने. मुलांमध्ये ही कारणे क्वचित आढळतात. मुलांमध्ये मोठा वाटा जन्मजात दोषांचा असतो. मूत्रपिंड लहानच राहिलेले असते, लघवी मूत्राशयातून उलटी वर चढत असते, किंवा लघवीच्या वाटेत अडथळा असतो. मुलग्यांमध्ये लघवीच्या नळीत जन्मतःच पातळ पडद्याची झडप असू शकते. अशा बाळाची लघवीची धार बारीक असते, थेंबथेंब होते, बाळ कुंथते. गरोदरपणातल्या सोनोग्राफीतही बाळाच्या मूत्रपिंडाला सूज दिसू शकते. तो कागद आई फाइलमध्ये जपून ठेवते, पण बाळंतपणाच्या गडबडीत तो पुन्हा कुणी उघडून पाहत नाही. झडप दुर्बिणीतून काढता येते. मात्र झडप काढली म्हणजे संपले असे होत नाही. त्यांतल्या काही मुलांची मूत्रपिंडे पुढच्या दहा-वीस वर्षांत हळूहळू थकतात. त्या मुलांवर दरवर्षी कुणीतरी लक्ष ठेवावे लागते. ते यंत्राचे काम नाही.

आता प्रयोगशाळेतल्या अहवालाचे पाहू. तीन वर्षांच्या, नव्वद सेंटिमीटर उंचीच्या मुलाच्या रक्तातले क्रिएटिनिन १.० आले. अहवालावर शेजारीच छापलेले असते की, १.२ पर्यंत नॉर्मल. वडील निश्चिंत होतात, कधीकधी डॉक्टरही होतात. पण ती मर्यादा मोठ्या माणसाची आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. तीन वर्षांच्या मुलाचे स्नायू ते किती, म्हणून त्याचे क्रिएटिनिन साधारण ०.३ ते ०.५ असायला हवे. उंचीला ०.४१३ ने गुणून क्रिएटिनिनने भागायचे, असे एक सोपे गणित डॉ. श्वार्ट्झ यांनी २००९ मध्ये सुधारून दिले. या मुलाचे उत्तर ३७ येते. निरोगी मुलाचे ९० च्या वर असते. म्हणजे कागदावर ‘नॉर्मल’ असलेल्या या मुलाच्या मूत्रपिंडांचे काम निम्म्याहूनही खाली आलेले आहे. हे गणित मांडायला अर्धा मिनिट लागतो, पण ते मांडणारा माणूस तिथे हवा.

रक्तदाबाचेही तसेच. दंडाला गुंडाळायचा पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचा लागतो. आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराचा निदान ऐंशी टक्के भाग वेढणारी हवी. मोठ्यांचा पट्टा मुलाच्या बारीक दंडाला बांधला तर रक्तदाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि आजार झाकला जातो. तालुक्याच्या किती दवाखान्यांत मुलांच्या मापाचे पट्टे आहेत, हे वाचकांनी स्वतः विचारून पाहावे. हा पट्टा काही महाग नाही. तो मागायचे कुणाच्या डोक्यात येत नाही, एवढेच.

तान्ह्या बाळाचे डायलिसिस

यंत्राची गरज जिथे सर्वांत जास्त असेल असे वाटते, तिथेच पाहू. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त किती असते? सुमारे २४० मिली, म्हणजे चहाचे दोन लहान कप. मोठ्या माणसाच्या डायलिसिसमध्ये नळ्या आणि गाळणी भरायलाच दीडशे ते अडीचशे मिली रक्त अंगाबाहेर असते. मोठ्यांचे यंत्र मुलाला लावता येईल का, असे मला समारंभांतून विचारले जाते. त्याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. इटलीतील विचेंझा येथे खास तान्ह्या बाळांसाठी बनवलेले यंत्र २०१३ मध्ये प्रथम वापरले गेले. ते आपल्याकडे सर्वत्र मिळेल तेव्हा मिळेल. तोवर बाळाला वाचवतो तो जुना आणि साधा उपाय, पोटाचे डायलिसिस.

यात पोटात एक बारीक नळी बसवतात. कोमट केलेले औषधी पाणी त्या नळीतून आत सोडायचे, ते काही वेळ पोटात राहू द्यायचे आणि मग बाहेर काढायचे. पोटाच्या आतले अस्तरच गाळणीचे काम करते आणि रक्तातली घाण पाण्यात उतरते. तीन किलोच्या बाळाला सुरुवातीला एका वेळी जेमतेम तीस ते साठ मिली पाणी देतात. यासाठी वीज लागत नाही, यंत्रही लागत नाही. पण साधारण तासातासाला हे चक्र फिरवायचे, दिवसभर आणि रात्रभर. किती पाणी आत गेले, किती बाहेर आले, ते प्रत्येक वेळी मोजून लिहायचे. हात धुण्यात एकदा हयगय झाली तरी जंतू आत शिरतात.

हे सगळे करते ती सिस्टर. जुलाबांमुळे लघवी बंद झालेली एक मुलगी आमच्याकडे होती. पहाटे तीनच्या चक्रात बाहेर आलेले पाणी सिस्टरला किंचित गढूळ वाटले. निवासी डॉक्टर नवीन होता, त्याला ते स्वच्छच वाटले. सिस्टरने बाटलीमागे छापील कागद धरला आणि अक्षरे पुसट दिसतात हे त्याला दाखवले. नमुना तपासणीला गेला, प्रतिजैविक तासाभरात सुरू झाले. आठवड्याने मुलगी घरी गेली. त्या रात्री आमच्या विभागातले सर्वांत मोलाचे उपकरण म्हणजे त्या सिस्टरचा डोळा होता. तो तयार व्हायला दोन वर्षे लागली होती.

पाटी कुठे लावायची?

आणि आमची अडचण नेमकी इथेच आहे. दोन वर्षे खपून तयार केलेल्या दोन सिस्टर एकाच आदेशाने बदलून गेल्या. एक नेत्र विभागात, दुसरी बाह्यरुग्ण विभागात. त्यांच्या जागी आलेल्या मुली हुशार होत्या, पण पोटाचे डायलिसिस त्यांनी पाहिलेले नव्हते. पुढच्या दोन महिन्यांत नळीला जंतुसंसर्ग झालेली मुले आम्हाला पुन्हा दिसू लागली. बदलीचा आदेश काढणाऱ्यांचा दोष काढण्यासाठी हे सांगत नाही. त्यांच्या वहीत सिस्टर म्हणजे सिस्टर, ती कुठल्याही वॉर्डात चालते. नियमच तसा आहे आणि मला आक्षेप आहे तो त्या नियमाला.

त्याच सुमारास गावातले एक सद्भावी गृहस्थ आले. वडिलांच्या स्मरणार्थ त्यांना विभागाला डायलिसिसचे यंत्र द्यायचे होते. मी त्यांना म्हटले, ‘यंत्राऐवजी दोन प्रशिक्षित सिस्टरांचा तीन वर्षांचा पगार द्या. आमची फार मोठी सोय होईल.’ ते विचारात पडले. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, ‘मॅडम, यंत्रावर वडिलांच्या नावाची पाटी लावता येते. सिस्टरवर पाटी कुठे लावायची?’ यंत्र आले, फीत कापली गेली, फोटो छापून आला. ते चालवणारे हात मिळेपर्यंत कित्येक महिने ते कापडाखाली झाकलेले होते.

मी या गृहस्थांना हसत नाही. देणाऱ्याला आपले दान डोळ्यांना दिसावेसे वाटते, हे स्वाभाविक आहे. सरकारचेही तसेच असते. यंत्राची खरेदी एका आर्थिक वर्षात पूर्ण होते, तिचे उद्घाटन होते. पद निर्माण केले तर त्याचा पगार दरवर्षी द्यावा लागतो आणि पदाचे उद्घाटन होत नाही. म्हणूनच विभागप्रमुखाचे बरेचसे आयुष्य आजारांपेक्षा रिक्त पदांच्या पत्रव्यवहारात जाते. आहारतज्ज्ञ आहे का? समाजसेवा अधीक्षक आहे का? डी. एम. करणाऱ्या डॉक्टरला शिकवायला दुसरा अध्यापक आहे का? माझ्या टेबलावरच्या फायलींत हेच प्रश्न असतात. वाचकांना ही माहिती कोरडी वाटेल. पण ज्या मुलाला मीठ, पोटॅशियम आणि प्रथिने मोजून द्यायची आहेत, त्याच्या आईला भाकरी, वरण, केळे, शेंगदाणे यांचा हिशेब समजावून सांगायला वीस मिनिटे बसणारे कुणी नसेल, तर माझ्या चिठ्ठीचा काय उपयोग?

वहीतले मूल

मुलांच्या मूत्रपिंडाचा एक नेहमी दिसणारा आजार म्हणजे नेफ्रोटिक सिंड्रोम. मूल बहुधा दोन ते सहा वर्षांचे असते. सकाळी उठते तेव्हा डोळ्यांभोवती सूज असते, दुपारपर्यंत ती उतरते. ॲलर्जी समजून डोळ्यांत थेंब घातले जातात. मग पाय, पोट, अंडकोश सुजतात. लघवीला फेस येतो. रक्तातली प्रथिने लघवीवाटे वाहून जात असतात. दहापैकी आठ-नऊ मुले स्टिरॉइडच्या गोळ्यांना चांगली दाद देतात. पण आजार पुनःपुन्हा उलटतो, बहुतेकांना निदान एकदा तरी. सर्दी-खोकला झाला की तो डोके वर काढतो. वय वाढेल तसा बहुतेक मुलांत तो मागे पडतो. तोपर्यंतची पाच-दहा वर्षे निभावून नेणे हाच खरा उपचार असतो.

हा उपचार घरी होतो आणि वहीत होतो. रोज सकाळच्या पहिल्या लघवीत पट्टी बुडवायची आणि रंग पाहून वहीत लिहायचे : निरंक, एक अधिक, दोन अधिक, तीन अधिक. सलग तीन दिवस तीन अधिक आले म्हणजे आजार उलटला. तेव्हा सूज येण्याची वाट न पाहता आमच्याकडे यायचे. पट्टी परवडत नसेल तर काचेच्या नळीत लघवी घेऊन सल्फोसॅलिसिलिक ॲसिडचे काही थेंब टाकायचे. दुधासारखे गढूळ झाले की प्रथिने जात आहेत असे समजावे. मात्र हे ॲसिड मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. चौथी शिकलेल्या माउल्यांनी सहा-सहा वर्षांच्या वह्या इतक्या नेटक्या ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत की, आमच्या निवासी डॉक्टरांनी त्यांच्याकडून केसपेपर लिहायला शिकावे.

उलट जिथे वही नसते तिथे काय होते तेही पाहते. सूज उतरली की गोळ्या बंद केल्या जातात. स्टिरॉइडने तोंड गोल होते, केस वाढतात, भूक वाढते. शेजारीपाजारी घाबरवतात. कुणी मुळापासून बरे करण्याची पुडी आणून देते आणि त्या पुडीत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसते. बरेच दिवस घेतलेले स्टिरॉइड एकदम बंद करणे धोक्याचे असते. अशा मुलाला ताप आला, पोटात जंतुसंसर्ग झाला, तर ते हाताबाहेर जाऊ शकते. अशा आईला रागावून उपयोग नाही. महिनाभर ती आली नाही तर तिला फोन करणारा माणूस विभागात हवा. आमच्याकडे हे काम समाजसेवा अधीक्षक करतात. ते पद दोन वर्षे रिकामे होते. त्या काळात मध्येच येणे बंद झालेल्या मुलांची नावे आमच्या नोंदवहीत आहेत. त्यांचे पुढे काय झाले ते आम्हाला कळले नाही.

याच वह्यांतून शास्त्रही पुढे जाते. पहिल्या वेळी स्टिरॉइड जास्त दिवस दिले तर आजार कमी उलटेल, असे अनेक वर्षे मानले जात होते. भारतातील काही मोठ्या रुग्णालयांनी मिळून तीन महिने आणि सहा महिने औषध दिलेल्या मुलांची तुलना केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जास्त दिवस औषध देऊन आजार उलटण्याचे प्रमाण घटले नसल्याचे दिसले. ब्रिटनमध्ये आठ आणि सोळा आठवड्यांची तुलना झाली आणि २०१९ मध्ये तेथेही तेच आढळले. म्हणजे कित्येक मुलांच्या पोटात जाणारे जास्तीचे स्टिरॉइड वाचले. कुठल्याही नव्या यंत्राने हे झालेले नाही. वर्षानुवर्षे नीट ठेवलेल्या नोंदींनी झाले.

शंका घेणारा माणूस

अध्यापन रुग्णालयातल्या विभागाचे आणखी एक काम आहे, त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ते म्हणजे वेळेवर शंका घेणे. २०२२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या चिमुकल्या देशात लघवी बंद झालेली लहान मुले नेहमीपेक्षा जास्त येऊ लागली. राजधानी बांजुलच्या अध्यापन रुग्णालयातील मूत्रपिंडतज्ज्ञाला ते खटकले आणि त्यांनी सरकारला सावध केले. चौकशीअंती भारतात तयार झालेल्या सिरपकडे बोट गेले. सुमारे सत्तर मुले दगावली होती. कुणाला शंका आली नसती तर आणखी किती गेली असती?

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे संकट आपल्या अगदी शेजारी आले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध घेतल्यानंतर वीसहून अधिक मुले मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणले होते. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मोठ्या प्रमाणात सापडले. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमधून रुग्णांच्या पोटात गेले होते. त्यात चौदा जण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. चाळीस वर्षांत यंत्रे कितीतरी सुधारली, पण विष तेच राहिले. ते ओळखायला ‘या आठवड्यात अशी तीन मुले कशी आली?’ असे विचारणारा आणि मागच्या वर्षीचा आकडा ज्याला ठाऊक आहे असा माणूस लागतो. दर सहा महिन्यांनी माणसे बदलणाऱ्या विभागाला मागचा आकडा ठाऊक नसतो.

आईने दिलेले मूत्रपिंड

मूत्रपिंड पूर्ण निकामी झालेल्या मुलासाठी उत्तम उपाय म्हणजे प्रत्यारोपण. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने त्याला आपल्याकडे शिस्त आली. सुरुवातीला हा कायदा ज्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. मुलाला मूत्रपिंड देणारी व्यक्ती बहुतेक वेळा आई असते. शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी योजनेतून आणि देणग्यांतून कसाबसा उभा राहतो, वर्तमानपत्रात बातमीही येते. त्यानंतर रोज ठरल्या वेळी गोळ्या घेण्याचा नेम सुरू होतो, तो कायमचा. त्याची बातमी होत नाही.

रोपण केलेले मूत्रपिंड गमावण्याचा धोका किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीला सर्वांत जास्त असतो. मुलगा वसतिगृहात जातो, मित्रांसमोर गोळ्या घ्यायची लाज वाटते, एक दिवस चुकतो, मग आठवडा चुकतो. नेमक्या याच वयात आपली व्यवस्था त्याचा हात सोडते. बारा-चौदा वर्षे पूर्ण झाली की मुलाला मोठ्यांच्या वॉर्डात पाठवायचे, अशी अनेक रुग्णालयांत जुनी प्रथा आहे. तिथे त्याला नावाने ओळखणारे कुणी नसते. हे हस्तांतर एका दिवसात न करता दोन्ही विभागांनी मिळून हळूहळू करावे, असे आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०११ मध्येच सांगितले आहे. त्यासाठी महिन्यातून एकदा दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एका खोलीत बसायचे असते. याला खर्च नाही. पण दोन्हीकडे तीच माणसे टिकली पाहिजेत. आईने दिलेले मूत्रपिंड एका बदलीच्या आदेशापायी वाया जावे, यासारखे दुःख नाही.

आक्षेप आणि अपेक्षा

यावर काही आक्षेप येतात. यंत्रे नकोत का? हवीत. दहा-बारा वर्षांच्या मुलाला, विषबाधेच्या रुग्णाला यंत्राशिवाय चालत नाही. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. आधी चालवणारे हात, मग यंत्र. दुसरा आक्षेप असा की, सिस्टरांना एकाच वॉर्डात डांबून ठेवणे हा त्यांच्यावर अन्याय नाही का? हा आक्षेप योग्य आहे. म्हणूनच विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेला वेगळे पद, वेगळा भत्ता आणि बढतीची वाट मिळाली पाहिजे. मग तिला राहावेसे वाटेल. आपल्या देशात हा विषय रुजला तोही माणसांमुळेच. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. आर. एन. श्रीवास्तव आणि बंगळूरच्या सेंट जॉन्समध्ये डॉ. किशोर फडके यांनी तो उभा केला आणि त्यांच्याकडे शिकलेले डॉक्टर पुढे गावोगावी गेले.

तिसरी सूचना शाळांविषयी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून झाली. त्याची पथके अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन मुलांना तपासतात. पण त्यातील तीस दोष-आजारांच्या मूळ यादीत मूत्रपिंडाचा आजार नव्हता. जपानमध्ये १९७४ पासून शाळेतल्या प्रत्येक मुलाची लघवी तपासतात. उलट, अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये सरसकट तपासणीची शिफारस मागे घेतली. प्रत्येक मुलाची तपासणी करा असा माझाही आग्रह नाही. पण पथकाजवळ पट्ट्यांची एक डबी आणि मुलांच्या मापाचे रक्तदाबाचे पट्टे असावेत. जे मूल वयाच्या मानाने फार खुजे आहे, फिके आहे, ज्याचे डोळे सुजलेले आहेत किंवा ज्याला पूर्वी मूत्रमार्गाचा संसर्ग झाला होता, त्याची तरी लघवी आणि रक्तदाब तपासला जावा.

पालकांनी काय करावे?

पालकांच्या हाती पुष्कळ आहे. सकाळी डोळे सुजणे सलग दोन-तीन दिवस दिसले, लघवी चहासारखी किंवा लालसर झाली, मुलग्याची लघवीची धार बारीक असली, कारण सापडत नसलेला ताप पुनःपुन्हा आला, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, किंवा मूल दोन वर्षे तेवढ्याच उंचीचे राहिले, तर लघवीची साधी तपासणी करून घ्यावी. अंगावरच्या खरजेच्या फोडांकडे दुर्लक्ष करू नये, त्यानंतर काही आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. जुलाब लागले की जलसंजीवनी लगेच सुरू करावी. सहा-आठ तास लघवी झाली नाही तर थांबू नये. खोकल्याचे औषध दुकानातून परस्पर आणून लहान मुलाला देऊ नये. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत बाळाच्या मूत्रपिंडाबद्दल काही लिहिले असेल, तर तो कागद बाळाच्या पहिल्या लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांच्या हाती द्यावा.

आणि ज्यांना दान करायचे आहे त्यांना एक विनंती. आपल्या जवळच्या रुग्णालयात जाऊन आधी विचारा, ‘तुमच्याकडे कोणता माणूस कमी आहे?’ एखाद्या सिस्टरचे प्रशिक्षण, एखाद्या आहारतज्ज्ञाचा वर्षाचा पगार, शंभर मुलांच्या वह्या आणि पट्ट्या, असे काही द्या. त्यावर पाटी लागणार नाही हे खरे. पण पाच वर्षांनी त्या रुग्णालयात गेलात तर डायलिसिसची पाळी न आलेली मुले तुम्हाला अंगणात खेळताना दिसतील.